पावसाळ्यात लिनोकट: काळ्या भागात पांढरे ठिपके, शाई वाळत नाही, दुसरा रंग जुळत नाही

वेंगुर्ल्याहून_एक

नमस्कार मंडळी. ए४ मापाचा लिनोकट करतोय, म्हणजे लिनोलियमचा तुकडा (लिनो) कोरून त्यावर शाई लावून छापतोय. दशावतारातला संकासुर, मागे सगळं काळं, खाली देवनागरीत दोन ओळी: गावाचं नाव आणि जत्रेची तिथी. कार्तिकातल्या जत्रेआधी ६० प्रती हव्यात, म्हणून श्रावणातच कामाला हात घातलाय. प्रेस नाही. शाई लावलेल्या लिनोवर कागद ठेवून स्टीलच्या चमच्याने मागून घासतो. कागद २२० जीएसएमचा (चौरस मीटरला २२० ग्रॅम, म्हणजे जाडच) हातकागद, शाई ऑफसेटच्या छापखान्यातून आणलेली काळी, रोलर रबरी, ४ सेंटिमीटर व्यासाचा.

अडचणी अशा. काळ्या भागात मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके येतात. जास्त शाई लावली की ठिपके कमी होतात, पण अक्षरांतली पोकळी भरते. ‘थ’ आणि ‘ध’ तर ओळखूच येत नाहीत. चार दिवस झाले तरी प्रतीवर बोट फिरवलं की काळं होतं. शिवाय लाल रंगासाठी वेगळा ठोकळा फणसाच्या फळीवर मे महिन्यात कोरून ठेवला होता. तेव्हा काळ्याशी बरोबर बसत होता, आता एका बाजूने दोन मिलिमीटर बाहेर जातो.

आणखी एक. इथे एकाने सुचवलं की कोकणात दगडाला काय तोटा, सरळ जांभ्यावर शिळाछाप (दगडावर रेखाटून त्यावरून छापणं) कर. हे जमण्यासारखं आहे का?

रत्नांग्रीचा_ट्रेडल

लाल ठोकळ्याचं लाकूडवाले सांगतील. बाकीचं कागद आणि शाईचं दुखणं आहे.

आधी कागद. २२० जीएसएमचा हातकागद कोरडा ठेवून हाताने घासणं म्हणजे कोपराला त्रास आणि हाती ठिपके. त्या कागदाला उंचवटे असतात. चमच्याच्या दाबाने फक्त उंचवटे शाईला टेकतात, खळगे टेकत नाहीत. तुमचे पांढरे ठिपके म्हणजे ते खळगे. असा जाड कागद यंत्राच्या दाबासाठी, आणि तोही ओलवून. हाताने छापायचं तर ५० ते ९० जीएसएमचा, लांब तंतूंचा, गुळगुळीत कागद घ्या. नेपाळी लोकता चालतो, जपानी कोझो परवडला तर उत्तमच. कागद इतका पातळ हवा की घासताना मागून चित्र दिसू लागतं. कुठे घासायचं राहिलं ते आपोआप कळतं.

जाड कागद ओलवून वापरता येईल असं कोणी सांगेल. खरं आहे: स्पंजने दोन्ही बाजूंनी ओला करायचा, थप्पी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर वजनाखाली ठेवायची, सकाळी पाण्याची चकाकी गेलेली असली की छापायचं. पण ओला कागद फुगतो. काळं ओल्यावर आणि लाल कोरड्यावर छापलंत तर रंग कधीच जुळायचे नाहीत. वर श्रावणात ओली थप्पी दोन-तीन दिवस राहिली की बुरशीचे तपकिरी ठिपके पडलेच म्हणून समजा. तुमच्या कामाला पातळ कोरडा कागदच बरा.

आता शाई. ऑफसेटची शाई अत्यंत पातळ थराने, यंत्राच्या वेगात लागावी म्हणून बनवलेली असते. ती मऊ असते. हाताच्या कामात तिचा थर जाड होतो आणि दाबाखाली ती बारीक खाचांत सरकते. तुमची अक्षरं त्यानेच भरतात. जवळपास कुठे जुनं ट्रेडल (पायाने चालवायचं टाइपछपाईचं यंत्र) चालू असेल तर तिथली टाइपछपाईची शाई आणा, ती घट्ट आणि चिकट असते. नाहीच मिळाली तर ऑफसेटच्या शाईत मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड काचेवर सुरीने घोटून मिसळा, शाईच्या आकारमानाच्या साधारण विसावा भाग. सुरीवरून शाई धारेने ओघळता कामा नये, गोळा होऊन जड पडायला हवी. पुडीचं प्रमाण दहाव्या भागाच्या पुढे गेलं की काळा रंग करडा दिसायला लागतो.

काचेवर शाईचा एकदम ढीग नको. रोलरच्या रुंदीची पातळ पट्टी ओढायची आणि आधी काचेवर रोलर फिरवायचा. आवाज ऐका: चपचप असा ओला आवाज येत असेल तर शाई जास्त आहे, बारीक, एकसारखी चरचर आली की थर बसला. पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखे दाणे दिसले तर शाई सुरीने खरवडून कमी करा. लिनोवर एका जाड थराऐवजी पाच-सहा पातळ थर द्या, दर थराला रोलर पुन्हा काचेवर. नव्या लिनोच्या पहिल्या तीन-चार प्रती फिक्या येतात, कारण लिनो स्वतःच थोडं तेल पितो. त्या मोजायच्याच नाहीत.

आणि तुमचा रोलर लहान आहे. ४ सेंटिमीटर व्यास म्हणजे घेर साडेबारा सेंटिमीटर. ए४ ची उंची जवळजवळ तीस. म्हणजे एका ओढीत रोलर दोन वळसे पुरे करून तिसऱ्यात शिरतो. पहिल्या वळशात होती नव्हती ती शाई देऊन बसतो आणि पुढे फिका पट्टा सोडतो. पहिल्या वळशातल्या कोरलेल्या जागेची भुताटकी पुढच्या काळ्यात उमटते, तीही यानेच. निरखून बघा, ठिपके दर साडेबारा सेंटिमीटरवर दाट होत असतील. उपाय: दर ओढीच्या शेवटी रोलर उचलून हवेत अर्धा वळसा फिरवा, सुरुवात दरवेळी वेगळ्या कडेपासून करा, उभ्या ओढीनंतर आडवी ओढ द्या.

वाळण्याबद्दल. तेलाची शाई पाणी उडून वाळत नाही, जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. दमट, कोंदट हवेत हे रेंगाळतं, आणि काळा त्यात सगळ्यात आळशी, कारण काजळीच वाळणं लांबवते. कोबाल्ट ड्रायर (शाई लवकर वाळवणारं द्रव्य) घाला, पण वजनाने एक टक्का, फार तर दोन. जास्त घातलं तर वर साय धरते, खाली ओलं राहतं, आणि छापता छापता रोलरवरच शाई चिकट होते. रोज लागेल तेवढ्याच शाईत घाला, डब्यात कधीही नाही.

प्रती एकावर एक ठेवू नका. दोरीवर चिमट्याने दोन-दोन, पाठीला पाठ लावून टांगा आणि खोलीत पंखा चालू ठेवा. लाकडी कपाटात खाली ६० वॉटचा पिवळा बल्ब लावून वर प्रती टांगल्या तर श्रावणातही काम होतं, मात्र कपाटाला वर आणि खाली भोकं हवीत. बंद कपाटात ओल कोंडते आणि प्राणवायूही मिळत नाही.

एक सावधगिरी. जवसाच्या तेलाच्या शाईने भिजलेले बोळे कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका. ते आपोआप तापून पेट घेतात, काडी लागत नाही. पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका. रोलर आणि लिनो पुसायला घासलेट लागत नाही. आधी खाण्याचं सूर्यफूल तेल, मग साबणाचं फडकं.

सावंतवाडी_कोरकाम

फणसाच्या फळीचा दोष नाय, ती आपला धर्म पाळता आसा.

लाकूड ओल शोषून फुगतं ते रेषांच्या आडव्या दिशेने. लांबीत जवळजवळ काहीच नाही. आडव्या कापाच्या फळीत ओल एक टक्का वाढली की रुंदी साधारण पाव टक्का वाढते, असा ढोबळ हिशोब धरतात. मे महिन्यातल्या कोरड्या फळीत श्रावणापर्यंत चार-पाच टक्के ओल सहज वाढते. ए४ ची रुंदी २१ सेंटिमीटर. त्याचा सव्वा टक्का म्हणजे अडीच मिलिमीटर. तुमचे दोन मिलिमीटर त्यातच आले. लिनो त्या मानाने हलत नाही, म्हणून काळं जागेवर आणि लाल बाहेर. दोन्ही रंग एकाच जातीच्या, एकाच फळीतून निघालेल्या तुकड्यांवर, रेषांची दिशा एक ठेवून कोरले असते तर दोघंही सारखेच फुगले असते.

आता काय करायचं? बल्बच्या कपाटात फळी वाळवून परत मापात आणता येईल, पण घाईने वाळवली तर तडकते किंवा वाकते. त्यापेक्षा लाल पुन्हा लिनोवर कोरा. लालात मोठे सपाट भागच असणार. अर्धं दुपारचं काम.

काळ्याची प्रत लालच्या लिनोवर उतरवायची रीत: काळ्यावर भरपूर शाई लावून पातळ प्लॅस्टिकवर ताजी प्रत काढा आणि ती ओली असतानाच नव्या लिनोवर पालथी दाबा. चित्र बरोबर त्याच जागी, त्याच मापात आणि योग्य बाजूने उमटतं. ट्रेसिंग, कार्बन, काही नको. शाईवर चिमूटभर टाल्कम टाकलं की लगेच कोरायला घेता येतं.

जुळवणीसाठी जपान्यांची केंतो पद्धत सगळ्यात साधी. मूळ पद्धतीत ठोकळ्यावरच दोन खुणा कोरतात: उजव्या खालच्या कोपऱ्यात काटकोनी खाच आणि त्याच कडेवर डावीकडे एक सरळ खाच. खोली मिलिमीटरभर, कागदाची कड टेकेल एवढी. लिनोला कड कमी पडत असेल तर प्लायच्या तुकड्यावर लिनोच्याच जाडीच्या, म्हणजे तीन-साडेतीन मिलिमीटरच्या पट्ट्यांचा काटकोन चिकटवा. लिनो दरवेळी त्यात बसवा आणि खुणा त्या पट्ट्यांवर करा. कागद आधी कोपऱ्यात टेकवायचा, मग सरळ खाचेत, आणि मग हळूच सोडायचा. कागद फाडून नव्हे, धारदार पातीने काटकोनात कापलेला हवा. एकाही कागदाचा कोपरा तिरका असेल तर खुणा कितीही नेमक्या असून उपयोग नाही.

आधी लाल, मग काळा. फिक्यावरून गडद. काळ्याच्या कडेखाली लाल अर्धा-एक मिलिमीटर सरकवून ठेवा, म्हणजे कागदाचा पांढरा फटींतून डोकावणार नाही.

चमचा बाजूला ठेवा. स्टीलच्या चमच्याचा टेकणारा भाग रुपयाएवढासुद्धा नसतो. करवंटीचा डवला असेल तर त्याची बाहेरची बाजू १२०, २२०, ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत करा. मोठी सपाट गोलाई मिळते, ए४ ला हाताला बरी पडते. कागद आणि डवला यांच्यात बटर पेपर ठेवा, नाहीतर पातळ कागदाचे तंतू सुटतात. मधून कडेकडे, छोट्या गोल फेऱ्यांत. बारीक अक्षरांवर मात्र डवला नको, तिथे बोटाच्या पेराने दाबा.

हत्यारांचं: खाऱ्या हवेत गोज (कोरायची खोलगट पात्यांची हत्यारं) एका आठवड्यात लालसर होतात. काम झाल्यावर शिवणयंत्राचं तेल पुसून डब्यात कापराची वडी ठेवा.

वेंगुर्ल्याहून_एक

रोलर बघितला. ठिपके खरंच पट्ट्या-पट्ट्यांनी आहेत, मधले दाट. कागद आणि रोलर दोन्ही बदलतो.

अक्षरांचं काय? सध्या उंची ९ मिलिमीटर आहे. तेवढाच भाग एमडीएफवर (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीवर) कोरला तर कड जास्त नेमकी येईल का?

सावंतवाडी_कोरकाम

एमडीएफ नको. त्याला रेषा नाहीत म्हणून लोकांना सोपं वाटतं, पण कोरलेल्या कडेला भुसा उभा राहतो आणि ओलीने कड फुगते. या हवेत तर विचारू नका.

लिनोवर ९ मिलिमीटर देवनागरी जमते, पण हत्यार धारदार असेल आणि काप बाहेरच्या बाजूला उतरता असेल तरच. अक्षराची भिंत पायथ्याशी रुंद, वर अरुंद हवी. हत्यार आत झुकवून रेषेखाली पोखरलंत की शिरोरेषा दहा-बारा प्रतींनंतर दाबाने तुटते. ‘थ’, ‘ध’, ‘भ’ यांच्या आतली पोकळी निदान दीड मिलिमीटर खोल कोरा. तुमच्या पोकळ्या उथळ असाव्यात असा संशय आहे. शाई तळाला टेकते आणि पोकळी काळी होते. शक्य असेल तर अक्षरं १४ मिलिमीटरवर न्या, मागून बघणाऱ्यालाही वाचता येतील.

लिनो कोरताना कडक लागत असेल तर पाच मिनिटं उन्हात ठेवा. ऊन नसेल तर कापडावरून कोमट इस्त्री फिरवा. जुना, तुकडे पडणारा लिनो मात्र ऊब देऊनही सुधारत नाही.

अक्षरं याहून बारीक हवी असतील तर उभ्या रेषांची फळी सोडून लाकडाच्या आडव्या छेदावर, बुंध्याची चकती कापल्यासारख्या तुकड्यावर, बुरिनने (टोकदार पोलादी कोरणीने) कोरतात. युरोपात त्याला बॉक्सवूड वापरायचे. आपल्याकडे हळदू त्या कामाला घट्ट आणि एकसारखा आहे. पण ते शिकण्यात कार्तिक निघून जाईल.

उलटं कोरलंय ना, तेवढं आरशात एकदा बघून घ्या. ‘र’ आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या सगळ्यांना फसवतात.

अलिबाग_शिळाछाप

जांभ्याचा प्रश्न सगळ्यांनी टाळला, म्हणून मी घेतो.

जमणार नाही. कारण नुसतं भोकांचं नाही. शिळाछापीत दगडावर काही कोरत नाहीत. साबण, मेण, चरबी आणि काजळीच्या खडूने सपाट दगडावर रेखाटतात. मग बाभूळवर्गीय झाडाच्या डिंकाचं पाणी आणि त्यात नायट्रिक आम्लाचे काही थेंब, असं मिश्रण लावतात. दगड चुनखडीचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असल्यामुळे आम्ल त्यावर हलकं फसफसतं, रेखाटलेली चरबी दगडात पक्की होते आणि मोकळ्या जागेवर डिंकाचा अतिपातळ थर धरतो. पुढे ओल्या स्पंजने पुसलं की मोकळी जागा पाणी धरते, रेखाटलेली जागा धरत नाही. तेलाच्या शाईचा रोलर फिरवला की शाई फक्त रेखाटनावर बसते. सगळा खेळ पाणी आणि तेल यांच्या भांडणाचा.

जांभ्यात लोह आणि अॅल्युमिनियमचे ऑक्साइड, चुनखडी नाहीच. आम्ल घाला किंवा डिंक लावा, तसली क्रिया होत नाही. वरून सच्छिद्र, म्हणजे खडूची चरबी भोकांत आणि पाणीही भोकांत. कोकणातला काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, सपाट करता येतो, पण त्यातही कार्बोनेट नाही. या कामाचा दगड बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा. सेनेफेल्डरने १७९८ च्या सुमारास ही रीत तिथल्याच दगडावर पक्की केली. मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेल्या रविवर्मा प्रेसमध्येही दगड जर्मनीहूनच आणत, आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड. गोव्यात १५५६ साली आलेल्या छापखान्याचा दाखला इथे बरेच जण देतात. ते खिळ्यांचं, म्हणजे सुट्या टाइपांचं काम, त्याचा दगडाशी संबंध नाही.

दगड मिळाला तरी पुढे काम आहेच. जुनं चित्र घालवायला कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून दगडावर दगड फिरवायचा: आधी ८० नंबर, मग १८०, शेवटी २२०. एकही खरखरीत कण पुढच्या टप्प्यात राहिला तर छापात लांब ओरखडा. छापायला स्क्रेपरचा प्रेस लागतो, चामड्याची पट्टी लावलेला. चमच्याने होत नाही, कारण सपाट पृष्ठभागावरून कागद घासताना जराही सरकला तर चित्र पुसटतं.

तत्त्व हाताने बघायचंच असेल तर स्वयंपाकघरातली रीत करा. अॅल्युमिनियमची फॉइल सुरकुती न पाडता जाड प्लॅस्टिकवर गुंडाळा. बोट लावू नका, बोटाचा तेलकट ठसाही छापून येतो. साबणाच्या कोरड्या वडीने किंवा मेणाच्या खडूने रेखाटा. वरून कोला पेय ओता. त्यातलं फॉस्फरिक आम्ल मोकळ्या जागेला पाणी धरायला लावतं. धुवा, खाण्याच्या तेलाने रेखाटन पुसून काढा, ओल्या स्पंजने पुसा, आणि तेलाच्या शाईचा रोलर फिरवा. पाच-सहा प्रती बऱ्या येतात, पुढे फॉइल दमते. ६० प्रतींसाठी नाही.

वेंगुर्ल्याहून_एक

जांभा सोडला. मग पुढच्या वर्षी बारीक रेषांसाठी तांब्यावरचं एचिंग (रसायनाने पत्र्यात रेषा खाऊन कोरणं) करावं का? फेरिक क्लोराइड इथे मिळतं.

अलिबाग_शिळाछाप

एचिंगला रोलर-प्रेसशिवाय पर्याय नाही. शाई रेषेच्या खड्ड्यात असते, ती ओढून काढायला ओला जाड कागद, फेल्टच्या घोंगड्या आणि रुळाचा दाब लागतो. चमचा-डवला तिथे हरतो. प्रेस मिळणार असेल तर आधी ड्रायपॉइंट करा. अॅक्रिलिकच्या दोन मिलिमीटर पट्टीवर पोलादी सुईने ओरखडायचं, आम्लच नको. सुईने उठलेली कड शाई धरते म्हणून रेष मखमली येते, पण दाबाखाली तीच कड झिजते. चांगल्या प्रती वीसेक निघाल्या तरी खूप.

फेरिक घेतलंच तर दोन गोष्टी. पावसाळ्यात त्याचे खडे हवेतली ओल खाऊन डब्यातच चिखल होतात, तेव्हा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा. धातूचं झाकण नको, खाऊन टाकतं. आणि विरघळवताना खडे थोडे थोडे पाण्यात टाका, भांडं चांगलं तापतं. पत्रा द्रावणात पालथा ठेवा, खाली चार कोपऱ्यांना टेकू देऊन. उताणा ठेवला तर रेषांत तपकिरी गाळ बसतो आणि कोरणं थांबतं. वापरून झालेलं पाणी ओहोळात किंवा विहिरीजवळ ओतू नका, त्यात तांबं विरघळलेलं असतं.

रत्नांग्रीचा_ट्रेडल

कार्तिकाच्या हिशोबाने क्रम सांगतो. आधी लाल छापा, काळ्याच्या काही दिवसच आधी, पण ६० नव्हे, ७५. जुळवणीत आणि शाईत दहा-पंधरा वाया जातातच, आणि लाल नंतर पुन्हा त्याच छटेत मिसळणं कठीण. लाल बोटाला लागेनासा झाला की काळा. लाल पुरता कडक होऊ देऊ नका, फार वाळलेल्या गुळगुळीत थरावर काळा नीट धरत नाही.

हाताने एक ए४ प्रत घासायला पाच-सात मिनिटं धरा. एका दिवसात वीसच्या वर जाऊ नका. हात दमला की दाब कमी होतो आणि शेवटच्या प्रती फिक्या येतात. काळा शक्यतो नवरात्राच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावर घ्या. तेव्हा ड्रायर अर्ध्या टक्क्यावर आणला तरी पुरतो. कोरा कागद तोवर पत्र्याच्या ट्रंकेत, सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा निळे करायचे, आणि तो तवा परत भाकरीला घ्यायचा नाही.

वेंगुर्ल्याहून_एक

ठीक. लोकता ६० जीएसएम मागवतो, ८० कागद. रोलर साडेसात सेंटिमीटर व्यासाचा बघतोय, घेर साडेतेवीस. ए४ ला एका ओढीत अजून पुरा पडत नाही, पण उभी-आडवी ओढ देऊन भागेल ना?

रत्नांग्रीचा_ट्रेडल

भागेल. लिनो आडवा ठेवून २१ सेंटिमीटरच्या बाजूने ओढा, एका वळशात पुरतो.